गजू, पोळ्याले तू बरोबर बोलला होता

गजू लेका,

चार महिने झाले, ना फोन ना मेसेज. राग नव्हता बे, लाज होती. आम्ही सारे बरे, माही पाठ दुखते तेवढीच. पण हे तुलेच सांगाचं हाये, कारण तुह्या बाबाच्या वेळी त्या गाडीत आपण दोघंच होतो.

पोळ्याले तू म्हणला, "काका जेवता जेवता दोनदा उठले, त्यायले युरॉलॉजिस्टले, लघवीच्या डॉक्टरले, दाखव." अन् मी खेकसलो का पुण्याले जाऊन डॉक्टर झाला काय. तू पुरणाची पोळी तशीच ठेवून उठला. ते ताट मले अजून दिसते. (दुसऱ्या दिवशी मारबतीच्या गर्दीत तूच मले खांद्यावर घ्याले निघाला अन् दोघंही नालीत पडलो, ते वेगळं.)

तर मागच्या पंधरवड्यात बाबाची लघवी बंदच झाली. सर्दी झालती, मेडिकलातून गोळ्या आणल्या, रात्री दोन घेतल्या. पहाटे पाहतो त मोरीजवळ भिंतीले हात टेकून उभे, ओटीपोट बेंबीपर्यंत ताठ, थंडीत बंडी घामानं ओली. थेंब नाई. नळी टाकल्यावर सव्वा लिटर निघाली गजू, चारपाचशे मिलीलेच माणूस कासावीस होते! डॉक्टर म्हणले प्रोस्टेट, म्हणजे लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी असते ती गाठ, वाढलेल्या माणसाले सर्दीची गोळी जपूनच द्या लागते, तिच्यानं पिशवीचा जोर कमी होते अन् तोंड आवळते. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या फुगलेल्या, रक्तात क्रिएटिनिन (किडनी बिघडली का वाढते ते) 3.4. नळीनंतर पाच दिवसात 1.6 वर आलं, तेव्हा कुठं मी जेवलो.

पण मले खाते ते दुसरंच. दोन वर्षं बाबा रात्री चार-पाचदा उठत होते, अन् मी समजत होतो मोटर पाहाले जाते. तुले त माहीत हाये, आपल्याकडं लाइन रातचीच, हरभऱ्याले पाणी सुरू, ते टॉर्च घेऊन निघत, मी गोधडीत. आता आई सांगते का लाइन नसली तरी ते धुऱ्यावर जाऊन पंधरा-पंधरा मिनिट उभे राहत. घरच्या संडासात धार तुटते, थांबते, पुन्हा येते, तो आवाज सुनेले ऐकू जाईन म्हणून. साप-विंचवाच्या रानात, एकटे. अन् मी तुह्या बाबाचं सारं पाहिलेला माणूस!

टॅम्सुलोसिनची, म्हणजे ते तोंड सैल कराची गोळी चालू करून नळी काढून पाहिली, पुन्हा तुंबली. म्हणून आता प्रोस्टेटचं ऑपरेशन, टीयूआरपी म्हणते त्याले. नागपूरले सुपर स्पेशालिटी दवाखान्यात, महात्मा फुले योजनेत बसते. वरून चिरा नाई, पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखाली बधिर करते, लघवीच्या रस्त्यानंच दुर्बीण टाकून करंटच्या तारेनं गाठ खरवडते, मंग दोन-तीन दिवस सलाईनचं पाणी फिरवत राहते लाल रंग जाईपर्यंत. गावात कोणीतरी सांगतलं का जन्मभर धोतर ओलं राहते, अन् बाबा तेच धरून बसले. डॉक्टर म्हणते तसं क्वचितच होते, पण बाबाले गावचंच पटते.

अन् पीएसए, प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका पाहाची ती रक्ताची तपासणी, आला 11. चारच्या आत पाह्यजे म्हणते. रात्रभर झोप नाई. डॉक्टर म्हणले लघवी तुंबली, नळी घातली का तो वाढतेच, एवढ्यावरून काही ठरवू नका, खरवडलेले तुकडे तपासाले जाईन. म्हणजे ऑपरेशन झाल्यावरही रिपोर्टची वाट पाहाच लागन. हे बाबाले सांगतलं नाई. सांगाचं काय बे? तुम्ही तेव्हा तुह्या बाबापासून लपवलं होतं अन् ते शेवटी तुह्यावरच रुसले होते.

सध्या नळीची पिशवी खाटेच्या पायाले बांधली राहते, खालीच ठेवा लागते. कोणी आलं का बाबा तिच्यावर गमछा टाकते. अन् वेचणीच्या मजुरीच्या वहीत, बायांच्या किलोखाली, स्वतःच्या हातानं लघवीचं माप लिहिते: सकाळी 400, दुपारी 350.

वहिनीची नोकरी लागली ऐकलं, लय बरं झालं, पोरगी चालाले लागली का? घराचे हप्ते सुरू झाले असतीन.

मंगळवारी भरती करतो. तू सोमवारी फोन कर. ऑपरेशनचं नाव काढू नको, हरभऱ्याले घाटे धरले काय तेवढंच विचार. तुह्याशी बोलता बोलता ते आपोआप सांगतीन. मह्यासमोर ते भिंतीकडंच पाहते.

तुहा,
दिल्या