संदर्भ तपासूनच लेख पाठवा

सर्व सदस्यांना नमस्कार. मामा तलावांवरचे, म्हणजे माजी मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) तलावांवरचे, तुमचे लेख वाचतोय. तलावाच्या पाळीवर फिरून केलेलं हे काम संदर्भांच्या घोळामुळे परत येऊ नये, असं मनापासून वाटतं.

संदर्भ देण्यासाठी आपण एपीएच्या (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) लेखनशैलीची सातवी आवृत्ती (२०१९) पाळतोय. तीन किंवा अधिक लेखक असतील तर मजकुरात पहिल्या उल्लेखापासूनच पहिल्या लेखकाचं आडनाव आणि पुढे ‘व इतर’ लिहा. पुस्तकाच्या नोंदीत प्रकाशनाचं गाव नको. डीओआय (लेखाचा कायमचा डिजिटल ओळख क्रमांक) पूर्ण दुव्याच्या रूपात द्या, त्यापुढे पूर्णविराम नको.

एका लेखात भंडारा जिल्ह्याचं गॅझेटियर मजकुरात १९०८ चं, संदर्भसूचीत १९८० चं झालंय! बरोबर १९०८. मजकुरातला प्रत्येक संदर्भ सूचीशी बोट ठेवून जुळवा.

रोवणीची घाई आहे, ठाऊक आहे. तरी दुरुस्त प्रती शनिवारपर्यंत पाठवा. अडलं तर रात्री फोन करा.