“सर्व माशांसाठी सुरक्षित” लिहून विकलेल्या पांढऱ्या दगडांबद्दल तक्रार

नमस्कार,

मागच्या महिन्यात तुमच्याकडून पांढऱ्या डेकोरेशन दगडांची ५ किलोची बॅग मागवली होती. बॅगेवर मोठ्या अक्षरात लिहिलंय “नैसर्गिक दगड, सर्व माशांसाठी सुरक्षित”, त्या एका ओळीवर विश्वास ठेवून मी ३ किलो दगड चांगले धुऊन टँकमध्ये टाकले आणि बारा दिवसांत माझ्या १४ निऑन टेट्रांपैकी (छोटे रंगीत मासे) ११ गेले. आधी त्यांचा लाल पट्टा फिका पडला, मग सगळे वर येऊन फिल्टरपाशी धापा टाकायला लागले, कल्ले नुसते भराभर हलत होते. माझी मुलगी रोज सकाळी शाळेत जायच्या आधी त्यांना खायला घालायची, तिला काय सांगू?

टेस्ट किटने बघितलं तर पीएच ८, दगड टाकायच्या आधी तो कायम ६.८ च्या आसपास असायचा. मग उरलेल्यातला एक दगड घेऊन त्याच्यावर लिंबू पिळलं, लगेच बारीक बुडबुडे यायला लागले, म्हणजे हा संगमरवरासारखा कॅल्शियम कार्बोनेटचा दगड आहे. मी निऑनसाठी अर्धं आरओचं पाणी वापरते आणि अशा सॉफ्ट, म्हणजे कमी क्षार असलेल्या पाण्यात हा दगड हळूहळू विरघळत राहतो, हार्डनेस आणि पीएच दोन्ही वाढतात. पीएच एकने वाढला की माशांच्या घाणीमुळे पाण्यात असलेल्याच अमोनियातला विषारी भाग जवळपास दहापट होतो, त्यामुळे रोजचा खुराक आणि फिल्टर तोच असूनही मासे मेले.

दगड वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. आफ्रिकेतल्या मलावी लेकचे सिक्लिड मासे पाळणाऱ्याला हाच दगड छान चालेल, त्यांना हार्ड पाणीच लागतं. पण मग बॅगेवर तसं लिहा ना!

फोनवर तुमच्या माणसाने सांगितलं की “मॅडम नॅचरल आहे, काही होत नाही”. अहो, मॅलाकाइट हा हिरवा दगड पण नॅचरल आहे, त्यात तांबं असतं आणि थोडंसं तांबं पाण्यात उतरलं तरी कोळंबी मरतात, गॅलेना नावाच्या खनिजात शिसं असतं, ते पण नॅचरलच. माझ्या टँकमध्ये सह्याद्रीतला काळा बेसाल्ट चार वर्षं आहे, कधी काही झालं नाही, पण तोसुद्धा मी पोकळीत पांढरे खडे नसलेलाच निवडून घेतला होता कारण त्या खड्यांत कॅल्साइट, म्हणजे तेच कॅल्शियम कार्बोनेट, असू शकतं.

मला बॅगेचे पूर्ण पैसे आणि ११ माशांची किंमत परत पाहिजे. वेबसाइटवरची “सर्व माशांसाठी” ही ओळ आजच काढा, दगडाचं नाव आणि “पीएच वाढतो” हे स्पष्ट लिहा, आणि ज्यांनी ही बॅग आधीच घेतलीय त्या सगळ्यांना मेसेज करा, कोणाच्या तरी टँकमध्ये आत्ता तेच चालू असेल. उरलेले २ किलो दगड आणि टेस्टचे फोटो माझ्याकडे आहेत, कुरियर पाठवलात तर देते. ८ दिवसांत लेखी उत्तर द्या, नाही आलं तर ग्राहक आयोगात जाणार आहे.

तुमची एक ग्राहक, पुणे