परमिट रूमच्या काउंटरवरच्या काकांना

काका,
सप्रेम नमस्कार.

दारू काही दिवस बंद ठेवलेल्या माणसाला बारमध्ये खुर्ची मिळते, पण प्यायला धड काही मिळत नाही. शहरातल्या भारी जागांनी आजवर पुढे काय ठेवलं? निळ्या सिरपचं, कागदी छत्री खोचलेलं मॉकटेल आणि पेगाएवढं बिल. नाहीतर कोमट कोल्ड्रिंक आणि वर वेटरचा प्रश्न, "औषधं चालू आहेत का?" टेबलावर "एकाने काय होतंय" म्हणणारे तर हक्काचेच. या सगळ्यानंतर तुमच्या सावंतवाडीकडच्या परमिट रूममध्ये जे मिळालं, त्याचे आभार चारचौघांत मानायचे होते.

तुम्ही काहीही विचारलं नाहीत. बाकीच्यांसाठी काढलात तसाच जाड बुडाचा ग्लास माझ्यासाठी काढलात आणि त्याच ट्रेमधून आणलात. दुसऱ्या राउंडला सगळ्यांचे ग्लास भरताना माझाही भरलात, तोही न विचारता. तुमच्या लेखी टेबलावर चार पिणारे होते, तीन अधिक एक नव्हे. त्या भरलेल्या दुसऱ्या ग्लासाचं मोल किती होतं, हे नुकतीच दारू थांबवलेल्या कुणालाही विचारा. पहिला ग्लास पाहुणचार म्हणून कुणीही देतं. दुसरा मागावा लागतो, मागताना चर्चा होते, आणि चर्चा नको म्हणून माणूस बाटलीकडे हात करतो.

त्या ग्लासात काय होतं, हेही तुम्ही हातचं न राखता सांगितलंत. एका ग्लासाला 10 मिली कोकमाचं आगळ, 15 मिली अमृत कोकम, एक छोटा चमचा आल्याचा रस, उभी चिरलेली हिरवी मिरची, मोठे बर्फाचे खडे आणि वरून 150 मिली गार सोडा. मिरचीची युक्ती तुमच्या भागात आणि गोव्यात उन्हाळ्यात उर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची हलकी दारू, पितात तिथली: लिंबू-सोडा, मीठ आणि चिरलेली मिरची. तुम्ही त्यातला उर्राक काढलात आणि मिरची ठेवलीत. गोड पेय दोन घोटांत संपतं, मग हात रिकामा राहतो आणि रिकाम्या हाताची ओढ फार वाईट. दारू सावकाश प्यायली जाते ती घशाला लागते म्हणून. आलं आणि मिरची नेमकं तेच काम करतात, घोट आपोआप लहान होतो. पाच-सात मिनिटांनी मिरची काढून टाकायची, नाहीतर शेवटचे घोट पिववत नाहीत.

घरी करणाऱ्यांची पहिली चूक बाटली उचलतानाच होते. आगळ म्हणजे रातांब्याचा, कोकमाच्या ताज्या फळाचा, खारवलेला रस, त्यात मीठ भरपूर. अमृत कोकम म्हणजे साखरेत मुरवलेला पाक. आगळाला सरबत समजून अर्धा ग्लास ओतला की पेय मोरीत जातं. दोन्ही थोडं थोडं घेतलं तर वेगळं मीठ लागतच नाही. रक्तदाब असलेल्यांनी आगळ वगळावं आणि दोन आमसुलं पाण्यात भिजवून घ्यावीत, तीही धुऊन, कारण त्यांनाही मीठ लावलेलं असतं.

दुसरी चूक मसाल्याची. भरलेल्या सोड्यावर काळं मीठ किंवा चाट मसाला भुरभुरला की फेस उसळून टेबलावर येतो आणि खाली उरतं सपक पाणी, कारण प्रत्येक कणावर वायूचे बुडबुडे धरतात आणि सुटतात. मीठ घालायचंच तर आधी रसात विरघळवावं, सोडा सगळ्यात शेवटी ग्लासाच्या कडेने सोडावा आणि चमचा तळाशी एकदाच फिरवावा. बाटली आधीपासून फ्रिजमध्ये असली पाहिजे. कोमट सोड्यातला वायू बर्फावर पडताच उडतो.

आल्याचा रस तुम्ही पंधरा मिनिटं ठेवून वरचा तेवढाच घेत होतात, हे बारकाईचं काम. तळाशी बसतो तो पांढरा स्टार्च. तो ग्लासात गेला तर सरबत गढूळ आणि पिठूळ लागतं. रस उकळायचाही नाही. उकळल्यावर आल्याचा झणका मऊ पडतो, आणि इथे झणकाच तर हवा.

घोट लहान करण्याच्या तुमच्याच सूत्रावर आता गार चहाही जमतो. एक मोठा चमचा पानांचा चहा, पावडर नव्हे, पाव लिटर थंड पाण्यात रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी गाळायचा. गरम चहा थंड केला की बऱ्याचदा गढूळ होतो आणि जिभेवर कडवट बसतो. हा स्वच्छ राहतो, हलका तुरट लागतो. त्यात लिंबाच्या सालीची पिवळी पट्टी पिळायची, पांढरा भाग टाळून. जेवणाबरोबर वाइनची सवय असलेल्यांना हा तुरटपणाच हवा असतो. बाजारातल्या बिनदारूच्या बिअरचं मात्र लेबल वाचावं. आपल्याकडे 0.5 टक्क्यापर्यंत अल्कोहोल असलेलं पेय दारूत मोजत नाहीत, त्यामुळे पूर्ण बंद ठेवणाऱ्याने 0.0 बघूनच घ्यावी.

काका, दारूवर ज्यांचं पोट, त्यांनी न पिणाऱ्याची इतकी कदर करावी, याचं अजून भरून येतं. सभ्यपणा फार थोड्यांत असतो, आणि तो बहुतेक वेळा बिलात लागत नाही. तुम्ही तर त्या दोन ग्लासांचे फक्त सोड्याचे पैसे लावलेत. तेवढं एक मात्र बदला. मेनूकार्डावर हे पेय नावानिशी छापा, रास्त दर लावा, म्हणजे पुढच्या माणसाला ते हक्काने मागता येईल.

आणि मे महिन्यात रातांबे उतरले की घरच्या आगळाच्या दोन बाटल्या माझ्यासाठी बाजूला ठेवा. पैसे आगाऊ पाठवतो.

तुमचा,
खिडकीजवळच्या टेबलावरचा चौथा