काढा उकळण्याआधी

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला काढ्यांवरचा लेख वाचला. ‘खळखळून उकळा’ हा सल्ला मात्र खटकला. आमच्या रामबागेतल्या घरी ओवा उकळला की वास पार जिन्यापर्यंत जातो. सासूबाई खूश, मी चडफडते! तो वास म्हणजे थायमॉल, ओव्यातलं गुणकारी द्रव्य, वनस्पतींतल्या टर्पिनॉइड नावाच्या रसायनांच्या वर्गातलं, वाफेबरोबर उडून चाललेलं. चीनच्या शास्त्रज्ञ तू योयो यांनाही हिवतापावरच्या वनस्पतीचा अर्क उष्णतेनं धड गुण देईना. जुन्या ग्रंथात पाला पाण्यात भिजवून पिळायला सांगितलेलं; ते वाचून त्यांनी अर्क काढायला कमी तापमानाला ईथर हे द्रावक वापरलं. त्यातून आर्टेमिसिनिन हे हिवतापावरचं औषध हाती आलं, पुढे २०१५ चं नोबेलही. पण म्हणून काही तापात घरी पाला पिळत बसू नका, आधी रक्त तपासा. ओव्याच्या पातेल्यावर मात्र झाकण ठेवा.

– एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका, इंदूर