बालकेंद्री शिक्षण बालवाडीतच का थांबतं?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बालकेंद्री शिक्षण, म्हणजे मुलांच्या कलानं आणि प्रश्नांवरून चालणारं शिक्षण, म्हटलं की लोकांना बालवाडीच आठवते, मणी, गाणी, छोट्या खुर्च्या. त्यात चूक काही नाही, गिजुभाई बधेकांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढलं आणि आपल्या ताराबाई मोडक तिथे काम करून मग बोर्डी, कोसबाडला गेल्या, ते सगळं लहान मुलांसाठीच होतं. पण नववीतल्या पोरांना त्याची गरज नाही हे कोणी ठरवलं? त्या वयात ती प्रत्येक गोष्टीत "का" विचारतात आणि आपण नेमकं तेव्हाच त्यांना ट्युशनला बसवतो, तिथे सर आयएमपी प्रश्न देतात, पोरं पाठ करतात, झालं.

माझ्या भाचीच्या शाळेत मात्र स्वतः निवडलेल्या विषयावर काम करायला दर आठवड्याला वेळ देतात. तिनं आमच्या बडोद्यातला ऑगस्ट २०२४चा पूर घेतला, म्हणजे त्यांच्या सोसायटीत पाणी शिरलं आणि मागच्या गल्लीत का नाही. ज्यांनी अजून नवा रंग दिला नाही त्यांच्या भिंतींवरच्या चिखलाच्या रेघा टेपनं मोजल्या, विश्वामित्री नदीची २६ फुटांची धोक्याची पातळी कुठे मोजतात, आजवा धरणाचं पाणी सोडलं की इकडे काय होतं, सगळं वहीत. शेजारच्या दोन आजोबांनी जुन्या पुराचं वेगवेगळं सांगितलं तर बाईंनी उत्तर दिलंच नाही, "तू कशावरून ठरवशील?" एवढंच विचारलं. पोरगी जाम चिडली (राग निघाला आईवर!), आणि मग आपणहून सेंट्रल लायब्ररीत जुने पेपर शोधायला गेली.

आता बाई काय मोकळ्या बसतात असं नाही हं. वही बघतात, पुढे काय करणार ते लिहायला लावतात. नुसतं मोकळं सोडलं तर पोरं मोबाईलच बघतील, हे पालकांचं म्हणणं मला पण पटतं. आणि दहावीचं बोर्ड कोणाला चुकलंय, पण स्वतः शोधायची सवय लागलेली पोरगी धडासुद्धा आपला आपण वाचते, कोणी समजवायची वाट बघत नाही, हे मी घरात बघतेय.

महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली अख्ख्या बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि पुढे गावोगावी वाचनालयं काढली. त्यांच्याच बडोद्यात नववीच्या पोरांना लायब्ररीचा एक पिरियड मिळू नये? टाइमटेबलमध्ये असला तरी तो गणिताचे सर घेऊन टाकतात. पुढच्या पालक मीटिंगमध्ये पर्सेंटेजच्या आधी पालकांनी हा पिरियड मागावा, आणि मागताना तो परीक्षेच्या महिन्यातही राहील असं शाळेकडून लिहून घ्यावं.

एक वाचक,
दांडिया बाजार, बडोदा