वाटी कोणाच्या घरची?

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत, पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्या मुलांसाठीच्या सदरात असं आलंय की फंक्शनला (नाव दिलेल्या सूचनांच्या गटाला) एखादं व्हेरिएबल (किंमत ठेवायचं नाव) स्वतःजवळ सापडलं नाही, तर ते आपल्याला बोलावणाऱ्या फंक्शनकडे बघतं. पायथॉनपुरतं हे साफ चूक आहे. मी तंत्रनिकेतनात २६ वर्षं कॉम्प्युटर शिकवलं, त्यामुळे राहवलं नाही.

पडताळा अगदी सोपा आहे. वर, सगळ्या फंक्शनांच्या बाहेर, ग्लोबल ‘क्ष’ला १० द्या. ‘दाखव’ नावाचं फंक्शन लिहा, ते फक्त ‘क्ष’ छापेल. मग ‘चालव’ लिहा. त्यात स्वतःचा ‘क्ष’ २० ठेवून ‘दाखव’ला बोलवा. पायथॉन १० छापतं. ‘दाखव’ जिथे लिहिलंय तिथला ‘क्ष’ त्याला दिसतो, बोलावणाऱ्याकडे ते ढुंकूनही बघत नाही. नाव कुठे शोधायचं याच्या या नियमाला म्हणतात स्टॅटिक स्कोपिंग. हेच बॅशमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला आज्ञा द्यायच्या एका भाषेत लिहा, ‘चालव’मधल्या ‘क्ष’च्या आधी ‘लोकल’ (म्हणजे हा ‘क्ष’ ‘चालव’चा स्वतःचा) लावा, तर छापून येतं २०. सदरात सांगितलेला नियम तो हा, डायनॅमिक.

या दोहोंतला फरक स्पष्ट करा, असा ५ गुणांचा प्रश्न आमच्याकडे ठरलेला असायचा. मुलं मधोमध रेघ मारून दोन रकाने भरायची, मी गुण द्यायची. खरं सांगायचं तर मलाही तो नीट कळला प्रॅक्टिकलच्या चिठ्ठ्या छापताना. ८० मुलं, २०-२०च्या ४ बॅचेस. बॅशमध्ये एका फंक्शनात बॅचेस मोजायला ‘आय’ १ ते ४ फिरवला, तो ‘लोकल’ केला म्हणून निर्धास्त होते. ते फंक्शन दुसऱ्याला बोलवायचं, आणि त्यात विद्यार्थी मोजायला पुन्हा ‘आय’, १ ते २०. तिथे ‘लोकल’ लिहायचं राहिलं. पहिल्या २० चिठ्ठ्या आल्या आणि प्रिंटर गप्प. एरर नाही, काही नाही. कागद अडकला म्हणून शिपायाने प्रिंटर उघडूनसुद्धा पाहिला! आतल्या फंक्शनने माझाच ‘आय’ २१वर नेऊन ठेवला होता. चारच्या पुढे गेला म्हणून बाहेरचा, बॅचेस मोजणारा लूप शहाण्यासारखा थांबला. आत एक ‘लोकल’ शब्द घातला आणि उरलेल्या ६० निघाल्या.

त्यानंतर वर्गात मी सासूबाईंची वही सांगायला लागले. त्यांच्या रव्याच्या लाडवांच्या पानावर आहे, ‘पाव किलो रवा, दीड वाटी साखर’. वाटी कुठली? जिथे वही लिहिली त्या घरातली पितळेची चिमुकली, की जिथे लाडू वळायचेत त्या माझ्या ओट्यावरची स्टीलची? पहिली धरली तर स्टॅटिक, दुसरी धरली तर डायनॅमिक. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी दुसरी धरली. ते लाडू कोणी दुसऱ्यांदा मागितले नाहीत.

पण त्याच वहीत आमटीखाली ‘मीठ चवीनुसार’ आहे, आणि तिथे खाणाऱ्या घराकडेच बघायला हवं. म्हणून डायनॅमिक स्कोपिंगला सरसकट जुनाट म्हणणं मला पटत नाही. लिस्प या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत ते आलं मात्र चुकून. जेम्स स्लॅगल यांचा प्रोग्रॅम नीट चालेना, तेव्हा भाषेचे कर्ते जॉन मॅकार्थी यांना तो किरकोळ बग वाटला, सहकारी स्टीव्ह रसेल दुरुस्त करतील म्हणून त्यांनी सोडून दिला. हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय. ‘अल्गोल ६०’ या भाषेचा स्टॅटिक नियम लिस्पच्या घराण्यात १९७५ साली स्कीम या भाषेने आणला. पुढे त्याच घराण्यातल्या कॉमन लिस्पने दोन्ही ठेवले: एरवी स्टॅटिक, आणि ज्या व्हेरिएबलवर ‘स्पेशल’ असा शिक्का मारला ते तेवढं डायनॅमिक. मिठासारखं.

सदरलेखकांनी दुरुस्ती जरूर छापावी, पण नुसती ‘दिलगीर आहोत’ची ओळ नको. वरचा ‘क्ष’चा प्रयोग दोन्ही भाषांत छापा. १० आणि २० मुलांना आपापल्या स्क्रीनवर दिसू देत.

– एक निवृत्त अधिव्याख्याता, कराड