जुन्या इंजिनाची दुरुस्ती आणि ‘मूळ स्वरूप’: नियमात स्पष्टता हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ असा स्वतंत्र नोंदणीवर्ग तयार झाला. क्रमांकपट्टीवर ‘व्हीए’ ही अक्षरे, नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये, फेरनोंदणीसाठी ५,००० रुपये आणि नोंदणीची मुदत दहा वर्षे अशी ही व्यवस्था आहे. जुन्या मोटारी जपणाऱ्यांनी तिचे स्वागतच केले आणि ते योग्यही होते. मात्र याच नियमातील व्याख्येत असे म्हटले आहे की वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे आणि त्यात मोठा फेरबदल झालेला नसावा. चासी, बॉडी किंवा इंजिन यांतील कोणताही बदल हा मोठा फेरबदल समजला जाईल. या वाक्यातील ‘इंजिन’ या शब्दाची व्याप्ती कुठपर्यंत, हे स्पष्ट नाही. आतून नीट बांधलेले मूळ इंजिन आणि बॉनेटखाली घातलेले परके डिझेल इंजिन हे दोन्ही एकाच वाक्यात मोडावेत, ही गोष्ट माझ्यासारख्या या कामात वर्षानुवर्षे हात घातलेल्या माणसाला पटत नाही, म्हणून हे पत्र.

उदाहरणादाखल महाराष्ट्राशी ज्याचे जुने नाते आहे असे एकच इंजिन घेतो. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे गाड्या जोडण्याचा कारखाना सुरू केला आणि १९५४ मध्ये कंपनीने तेथील काम थांबवले. या काळात तेथून बाहेर पडलेल्या शेव्हरोले गाड्यांपैकी ज्या आज मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर अशा ठिकाणी टिकून आहेत, त्यांतील पुष्कळ गाड्यांत एका रांगेत सहा सिलिंडर असलेले, डोक्यावर व्हॉल्व्ह असलेले, २१६ घनइंचांचे, म्हणजे सुमारे साडेतीन लिटरचे इंजिन आहे. या घराण्याची सुरुवात १९२९ च्या मॉडेलमधील १९४ घनइंचांच्या इंजिनापासून झाली. २१६ चे इंजिन १९३७ मध्ये आले, त्याच्या क्रँकशाफ्टला, म्हणजे पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याला, तीनऐवजी चार मेन बेअरिंग (आधार) मिळाले आणि १९४१ पासून त्याची ताकद ९० अश्वशक्ती झाली. रांगेतल्या सहा सिलिंडरच्या क्रँकचे हात एकमेकांपासून १२० अंशांवर असल्यामुळे पिस्टनांचे वर-खाली जाणे परस्परांना तोलून धरते. म्हणूनच नीट बांधलेले असे इंजिन मोकळ्या गतीवर फिरत असताना बॉनेटवर हात ठेवला तरी थरथर जवळजवळ जाणवत नाही.

या इंजिनाचे मर्म मात्र त्याच्या तेलाच्या व्यवस्थेत आहे, आणि नियमाचा प्रश्नही नेमका तिथेच उभा राहतो. मेन बेअरिंगला तेल पंपाच्या दाबाने मिळते. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला तसे मिळत नाही. प्रत्येक रॉडच्या टोपीला खालच्या बाजूस पत्र्याची एक लहानशी पळी असते. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलपात्रात, प्रत्येक सिलिंडरखाली तेलाचा एक हौद असतो आणि त्याच्या कडेला एक बारीक नळी. इंजिन हळू फिरत असताना पळी हौदातले तेल उचलते; वेग वाढला की नळीतून सुटलेली तेलाची धार थेट त्या पळीच्या तोंडावर आदळते आणि तेल बेअरिंगमध्ये शिरते. ही धार नेमक्या जागी पडते की नाही हे पाहण्यासाठी कंपनीने खास गेज बनवले होते. चेंबर काढून टेबलावर ठेवायचा, गेज त्यावर बसवायचे, तेलाच्या वाटेने पाण्याचा पाइप जोडायचा आणि प्रत्येक नळीची धार गेजच्या भोकातून मधोमध जाते का ते बघायचे. जात नसेल तर नळी हलक्या हाताने वाकवून नेम जुळवायचा. हौदाची खोली आणि पळीची उंचीही अशीच तपासायची असते. मी पाहिलेल्या बऱ्याच बिघडलेल्या इंजिनांत बाकी सारे काम चोख होते, पण चेंबर धुऊन परत लावताना एखादी नळी किंचित वाकली होती आणि त्या एका रॉडचे बेअरिंग गेले होते. तेलाच्या गेजवर चौदा-पंधरा पौंडांचा दाब दिसला की नवा मेकॅनिक बिचकतो आणि पंपाची स्प्रिंग बदलायला निघतो. या इंजिनाकडून एवढ्याच दाबाची अपेक्षा असते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

ही रॉडची बेअरिंग आजच्यासारखी तयार शेल (सुटी बदलता येणारी अस्तरे) नसून रॉडमध्येच ओतलेल्या व्हाइट मेटल या मऊ मिश्रधातूची असतात. जुना धातू वितळवून काढायचा, रॉड स्वच्छ करून त्याला कथलाचा हात द्यायचा, साच्यात धरून नवा धातू ओतायचा आणि मग क्रँकच्या मापाने बोअर करायचे, असे हे काम. कथील नीट धरले नाही तर वरून सुबक दिसणारे बेअरिंग काही शे किलोमीटरमध्येच पापुद्र्यासारखे सुटते. त्यात या इंजिनाचे पिस्टन बिडाचे आणि जड, त्यामुळे वेग वाढताच मऊ धातूवरचा मार वाढतो. ज्या काळात हे इंजिन घडले त्या काळच्या रस्त्यांवर आणि वेगांवर ही रचना उत्तम चालली. आज मुंबई-पुणे रस्त्यावर मागून येणाऱ्या ट्रकच्या दडपणाखाली तीच गाडी तासाला नव्वद किलोमीटरने चालवणे म्हणजे रॉड ब्लॉकच्या बाहेर येण्याची तयारी करणे होय. व्हाइट मेटल ओतणारे जाणते कारागीर दिवसेंदिवस कमी होत आहेत आणि जे आहेत त्यांच्या हाताखाली शिकायला कोणी येत नाही. ही खंत मी नुसती नोंदवतो, कारण तो स्वतंत्र विषय आहे.

पुढचा मुद्दा इंधनाचा. २००० सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. या इंजिनाच्या हेडमध्ये (सिलिंडरांवरच्या झाकणात) जळलेला वायू सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट, म्हणजे बैठक, बिडातच कापलेली असते आणि पेट्रोलमधील शिशाचा पातळ थर तिला झिजण्यापासून वाचवत असे. तो थर गेल्यावर भाराखाली सतत चाललेल्या इंजिनात व्हॉल्व्ह हळूहळू हेडमध्ये रुतत जातो, टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेतली फट) कमी होतो आणि अखेरीस व्हॉल्व्ह जळतो. यावर कायमचा उपाय एकच, हेड मशीनवर चढवून कडक धातूच्या सीटा बसवणे. आता तर पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते इंधनपंपातल्या जुन्या रबराच्या डायफ्रामला (पडद्याला) आणि पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या पॅकिंगला खाते, हवेतला ओलावा ओढून घेते आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की टाकीला आतून गंज चढवते. शिवाय इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने मिश्रण पातळ होते, म्हणून कार्टर किंवा रोचेस्टर कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे भोक, थोडा मोठा करावा लागतो. इथेनॉल सहन करणारा डायफ्राम, कडक सीटा, मोठा जेट, साठ थाऊपर्यंत (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) रिबोअर केलेले, म्हणजे आतून रुंद केलेले, सिलिंडर, वजनात एकसारखे केलेले ॲल्युमिनियमचे सहा पिस्टन, हे सारे इंजिनातील बदलच आहेत. नियमाचे अक्षर धरले तर यांतला प्रत्येक बदल ‘मूळ स्वरूपा’च्या आड येतो, आणि यांतला एकही बदल न करता हे इंजिन आजच्या रस्त्यावर, आजच्या पेट्रोलवर दीर्घकाळ चालवता येत नाही.

याहून मोठा, आणि माझ्या मते पूर्णपणे समर्थनीय, बदल म्हणजे २१६ च्या जागी शेव्हरोलेचेच २३५ घनइंचांचे इंजिन बसवणे. ते याच घराण्यातले पुढचे इंजिन आहे. बाहेरून पाहणाऱ्याला फरक ओळखणेही कठीण जाते. मात्र २३५ हा आकडा ऐकून कोणी फसू नये. १९४१ मध्ये हे माप मोठ्या ट्रकसाठी आले आणि १९५० मध्ये ‘पॉवरग्लाइड’ ही स्वयंचलित गिअरव्यवस्था असलेल्या मोटारींत आले, तेव्हा त्यातही रॉडला ओतलेले व्हाइट मेटल आणि पळ्याच होत्या. १९५३ मध्ये पॉवरग्लाइड गाड्यांच्या २३५ ला दाबाने तेल पोचवणारी पूर्ण व्यवस्था, शेल बेअरिंग आणि ॲल्युमिनियमचे पिस्टन मिळाले आणि १९५४ पासून साऱ्याच मोटारींच्या इंजिनांना. त्याच १९५३ साली आलेल्या पहिल्या कॉर्व्हेटमध्ये हेच इंजिन तीन कार्ब्युरेटर लावून १५० अश्वशक्तीपर्यंत नेले होते. घ्यायचे असेल तर १९५४ ते १९६२ मधले घ्यावे. उत्तरार्धातल्या या इंजिनांचा पाण्याचा पंप वरच्या बाजूला बसतो, त्यामुळे जुन्या रेडिएटरसमोर पंखा आणण्यासाठी मधे एक जोडपट्टी करावी लागते. पण चासी कापावी लागत नाही, फायरवॉल (इंजिन आणि आसनांमधला पत्रा) ठोकावी लागत नाही आणि मूळ २१६ केव्हाही परत बसवता येते. मालकाने ते मूळ इंजिन तेल लावून, झाकून जपून ठेवावे, भंगारात देऊ नये, एवढी अट मात्र मी आवर्जून घालीन.

याउलट, सत्तर-ऐंशीच्या दशकांत पेट्रोल महाग झाल्यावर आपल्याकडच्या कितीतरी शेव्हरोले, डॉज, प्लिमथ गाड्यांत पर्किन्ससारखी डिझेल इंजिने बसवली गेली. त्यासाठी चासीचे आडवे दांडे (क्रॉसमेंबर) कापले गेले, गिअरबॉक्स बदलले गेले आणि मूळ इंजिने लोखंडाच्या भावाने गेली. त्या काळी गाडी पोटासाठी चालवणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांनी तसे केले नसते तर त्या गाड्या रस्त्यावर राहिल्याही नसत्या. पण आज त्यांना ‘मूळ स्वरूपातील’ म्हणणे चूक होईल, आणि नियमातील वाक्य मुळात अशाच प्रकारांना आळा घालण्यासाठी लिहिले गेले असावे. अडचण एवढीच की ते वाक्य डिझेल इंजिन आणि कडक व्हॉल्व्ह सीट यांच्यात भेद करीत नाही.

जुन्या मोटारींच्या शुद्धतेचा आग्रह धरणारे काही जाणकार माझ्याशी सहमत होणार नाहीत, याची मला कल्पना आहे. त्यांचे म्हणणे असे की पळ्यांचे तेल हाच या इंजिनाचा इतिहास आहे आणि तो काढून टाकला की मागे नुसते कवच उरते. या म्हणण्यात तथ्य आहे. एखादी शेव्हरोले जर फार थोडी चाललेली, एकाच घराण्यात राहिलेली आणि इंजिनाला हात न लागलेली अशी मिळाली, तर तिचे बोल्टही उगाच सोडू नयेत. तिची जागा संग्रहात आहे आणि तिने वर्षातून फार तर काही किलोमीटर, तेही सावकाश, चालावे. परंतु अशा गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकीच्यांचे ब्लॉक आधीच कितीदा तरी रिबोअर झाले आहेत, हेड घासले गेले आहेत आणि रॉड कुठल्या तरी तिसऱ्याच इंजिनाचे आहेत. अशा इंजिनात ‘मूळ’ काय, हा प्रश्न फाइलवर सुटणारा नाही. तो इंजिन उघडून, मापे घेऊनच सोडवावा लागेल. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना असलेल्या ‘फिवा’च्या तुरीन सनदेतही जपणूक, पुनर्स्थापना आणि दुरुस्ती यांत भेद केलेला आहे आणि केलेल्या कामाची नोंद ठेवण्यावर भर आहे. आपल्या नियमात नेमकी ही नोंदीची बाजू कच्ची राहिली आहे.

नियमाच्या संदिग्धतेचा परिणाम असा होतो की प्रामाणिक मालक केलेले काम लपवू लागतो. माझ्या माहितीतील एका गृहस्थांनी २३५ बसवले आणि तपासणीत अडचण नको म्हणून ते कागदावर कुठेच दाखवले नाही. इंजिनाचा क्रमांक डिस्ट्रिब्युटरजवळ ब्लॉकवर कोरलेला असतो. तो नोंदणी प्रमाणपत्राशी जुळत नाही, हे पुढे विमा कंपनीला किंवा गाडी विकत घेणाऱ्याला कळणारच. तेव्हा त्या गाडीचा खरा इतिहास सांगणारा एकही कागद उपलब्ध नसेल.

व्हिंटेज वाहने तपासून नोंदणीयोग्य ठरवण्यासाठी राज्याने समिती नेमावी, अशी तरतूद याच नियमांत आहे. राज्याच्या परिवहन विभागाला माझी विनंती आहे की या समितीच्या कामासाठी लेखी निकष प्रसिद्ध करावेत आणि केंद्राकडे व्याख्येच्या स्पष्टीकरणाची मागणी करावी. मूळ ब्लॉकमधील रिबोअर, बेअरिंग, पिस्टन, व्हॉल्व्ह सीट, इंधनवाहिनी यांसंबंधीचे काम दुरुस्ती समजावे. त्याच कंपनीच्या त्याच घराण्यातील पुढचे इंजिन, चासी न कापता आणि मूळ इंजिन जपून बसवलेले असेल, तर त्यास नोंदीसह मान्यता द्यावी व दोन्ही इंजिनांचे क्रमांक प्रमाणपत्रावर यावेत. अन्य कंपनीचे किंवा अन्य इंधनाचे इंजिन असल्यास वाहन या वर्गात घेऊ नये. समितीत कागद पाहणाऱ्या अधिकाऱ्याबरोबरच, चेंबर उघडून तेलाच्या नळ्यांचा नेम तपासू शकेल असा एक तरी मेकॅनिक असावा.

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक, पुणे